संयुक्त वेब सेवांच्या कार्यवाहीतील संसाधन-कार्यक्षमता : यूपीआय व्यवस्थेच्या विशेष संदर्भात

सारांश

एकाहून अधिक वेब सेवा परस्परांशी जोडून एक संपूर्ण कार्य पार पाडणाऱ्या व्यवस्थेस संयुक्त वेब सेवा असे म्हणतात. अशा व्यवस्थेवर ताण आला की अधिक क्षमतेचे सर्व्हर घेणे हा उपाय सर्वप्रथम सुचविला जातो. तथापि संयुक्त सेवेतील संसाधनांचा मोठा अपव्यय सर्व्हरच्या अपुऱ्या क्षमतेमुळे होत नाही. अनावश्यक विनंत्या, चुकीचा क्रम, लांबलेली प्रतीक्षा आणि अनिर्बंध पुनर्प्रयत्न ही त्याची खरी कारणे होत. प्रस्तुत लेखात या कारणांचे व त्यांवरील उपायांचे विवेचन युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, म्हणजेच यूपीआय, या व्यवस्थेच्या आधारे केले आहे. एप्रिल २०२५ मधील खंड व त्यानंतर लागू झालेले नियम यांचा त्यात विशेष विचार केला आहे.

बीजशब्द : वेब सेवा, संयुक्त सेवा, संसाधन-कार्यक्षमता, प्रतीक्षाकाल, पुनर्प्रयत्न, यूपीआय

१. प्रस्तावना

शनिवार, दि. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभरातील यूपीआय व्यवहारांमध्ये काही तास मोठा खंड पडला. त्यापूर्वी २६ मार्च व २ एप्रिल रोजीही अशाच अडचणी उद्भवल्या होत्या. भाजीविक्रेत्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत ज्यांचे दैनंदिन व्यवहार मोबाइलवरील देयकावर अवलंबून आहेत, त्यांना या खंडाची प्रत्यक्ष झळ पोहोचली. या घटनेचे जे तांत्रिक कारण पुढे आले, ते अभ्यासकांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. व्यवहारांची संख्या एकाएकी वाढल्यामुळे ही व्यवस्था कोलमडली नव्हती. ‘आधी केलेल्या व्यवहाराचे काय झाले’ अशी विचारणा करणाऱ्या विनंत्यांचा पूर तिच्यावर लोटला होता. म्हणजेच कामापेक्षा कामाच्या चौकशीचाच भार अधिक झाला होता.

कोणत्याही कार्यालयाचा अनुभव असलेल्या व्यक्तीस ही स्थिती अपरिचित नाही. एका खिडकीवरील लिपिकाकडे शंभर अर्ज असतील आणि प्रत्येक अर्जदार दर पाच मिनिटांनी ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारू लागला, तर अर्ज तपासण्याचे काम थांबते. काम थांबल्यामुळे चौकशी वाढते आणि चौकशी वाढल्यामुळे काम आणखी थांबते. संगणकीय सेवांच्या बाबतीत हेच दुष्टचक्र मिनिटांऐवजी सेकंदांत पूर्ण होते, एवढाच काय तो फरक.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) संयुक्त वेब सेवा या संकल्पनेचा परिचय करून देणे.
(२) अशा सेवेत संसाधनांचा अपव्यय कोठे व कसा होतो, हे सोप्या गणिताच्या साहाय्याने स्पष्ट करणे.
(३) कार्यक्षमता वाढविण्याच्या प्रमुख मार्गांचा व त्यांच्या मर्यादांचा आढावा घेणे.
(४) महाविद्यालयीन संगणकव्यवस्थेच्या दृष्टीने या विवेचनाची उपयुक्तता दर्शविणे.

३. संयुक्त वेब सेवा : संकल्पना व पार्श्वभूमी

एका संगणकावरील कार्यप्रणालीने दुसऱ्या संगणकावरील कार्यप्रणालीस जाळ्यामार्फत ठरावीक नमुन्यातील विनंती पाठवावी व ठरावीक नमुन्यात प्रतिसाद मिळवावा, ही वेब सेवेची मूळ कल्पना आहे. सन २००० च्या सुमारास एक्सएमएल या भाषेवर आधारित सोप हा संदेश-नमुना प्रचारात आला आणि भिन्न संस्थांच्या भिन्न प्रणालींना परस्परांशी बोलणे शक्य झाले. पुढे स्वाभाविकपणेच सुट्या सेवा जोडून मोठे कार्य उभे करण्याचा विचार सुरू झाला. त्यासाठी आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व बीईए या कंपन्यांनी २००२ मध्ये बीपेल या भाषेचा पहिला आराखडा मांडला. ओएसिस या मानक ठरविणाऱ्या संस्थेने एप्रिल २००७ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीस मान्यता दिली. कोणती सेवा आधी बोलवावी, कोणत्या सेवा एकाच वेळी बोलवाव्यात आणि मध्येच एखादी सेवा अयशस्वी झाली तर काय करावे, हे सर्व या भाषेत लिहून ठेवता येते.

आज सोप व बीपेल यांचा वापर पूर्वीच्या तुलनेने मर्यादित झाला आहे. त्यांची जागा अधिक हलक्या संदेश-नमुन्यांनी व लहान लहान सूक्ष्मसेवांनी घेतली आहे. तथापि मूळ प्रश्न तसाच आहे. अनेक सेवांचे काम एका सूत्रात गुंफणारा कोणीतरी समन्वयक असतो. प्रत्येक सेवा स्वतंत्र संस्थेच्या ताब्यात असू शकते आणि समन्वयकास त्या सेवांच्या अंतरंगावर कोणताही अधिकार नसतो. त्याच्या हाती उरतात ते चार निर्णय : विनंती करावी की नाही, केव्हा करावी, उत्तराची वाट किती पाहावी आणि उत्तर न आल्यास काय करावे. संसाधन-कार्यक्षमतेचा सारा विचार या चार निर्णयांभोवती फिरतो.

४. यूपीआय व्यवहाराची रचना

भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजेच एनपीसीआयने, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा प्रारंभ केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या या संस्थेची मध्यवर्ती यंत्रणा समन्वयकाची भूमिका बजावते. ग्राहकाच्या दृष्टीने पैसे पाठविणे ही एकच कृती असली, तरी पडद्याआड अनेक सेवांची साखळी कार्यरत होते.

पैसे देणाऱ्याच्या ॲपकडून देयकाची विनंती मध्यवर्ती यंत्रणेकडे येते. ही यंत्रणा घेणाऱ्याच्या सेवापुरवठादाराकडून त्याचा पत्ता व खाते यांची खातरजमा करते. त्यानंतर देणाऱ्याच्या बँकेस रक्कम वजा करण्याची विनंती जाते. ती यशस्वी झाल्यास घेणाऱ्याच्या बँकेस रक्कम जमा करण्याची विनंती जाते. अखेरीस दोन्ही बाजूंना निष्पत्ती कळविली जाते. रक्कम वजा झाली परंतु जमा होऊ शकली नाही, तर वजा केलेली रक्कम परत करण्याची प्रतिपूरक विनंती करावी लागते. म्हणजे सरळ पार पडलेल्या व्यवहारातही विनंती व प्रतिसाद यांच्या सुमारे पाच जोड्या होतात.

यातील प्रत्येक संदेश एक्सएमएल नमुन्यात व अंकीय स्वाक्षरीसह असतो. तो पाठविणे, उलगडणे, स्वाक्षरी पडताळणे व त्याची नोंद ठेवणे यांसाठी प्रोसेसर, स्मृती, जाळ्याची क्षमता व साठवण ही चारही संसाधने खर्ची पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआय व्यवहारांची मासिक संख्या प्रथमच २००० कोटींच्या वर गेली. सरासरी काढल्यास हे प्रमाण दर सेकंदास सुमारे ७,४०० व्यवहार इतके होते आणि गर्दीच्या वेळचे प्रमाण त्याहून बरेच अधिक असते. पाच जोड्यांच्या हिशेबाने दर सेकंदास सुमारे ३७,००० संदेश-जोड्या झाल्या. प्रत्येक व्यवहारामागे केवळ एक अनावश्यक चौकशी वाढली, तरी संदेशांचा भार २० टक्क्यांनी वाढतो आणि त्यातून एकही नवा व्यवहार पूर्ण होत नाही.

५. संसाधनांचा अपव्यय कोठे होतो?

५.१ प्रतीक्षेतील अपव्यय

उत्तराची वाट पाहणारी विनंती काहीच काम करीत नाही, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तिने एक जोडणी व स्मृतीतील काही जागा अडवून ठेवलेली असते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला प्रतीक्षारांगेचा नियम येथे उपयोगी पडतो. व्यवस्थेत एका वेळी असलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या ही येणाऱ्या विनंत्यांचा दर व प्रत्येकीचा सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते. दर सेकंदास २०० विनंत्या येत असतील व प्रत्येकीस १ सेकंद लागत असेल, तर एका वेळी २०० विनंत्या व्यवस्थेत असतात. साखळीतील एखादी बँक मंदावली व हाच काळ ५ सेकंद झाला, तर ही संख्या १,००० वर जाते. ग्राहक वाढलेले नाहीत, सर्व्हरही तेच आहेत, परंतु संसाधनांची गरज पाचपट झाली. समन्वयकाकडे ८०० जोडण्यांचीच सोय असेल, तर एका मंद बँकेमुळे इतर सर्व बँकांचे ग्राहकही अडतात.

५.२ साखळीतील दुबळेपणा

प्रत्येक सेवा ९९.५ टक्के विश्वासार्ह असेल आणि साखळीत अशा पाच सेवा असतील, तर संपूर्ण कार्य यशस्वी होण्याची शक्यता सुमारे ९७.५ टक्के उरते. म्हणजे दर शंभरांतील अडीच कार्ये अर्ध्यावर मोडतात आणि तोवर खर्च झालेली संसाधने वाया जातात. मोड जितकी उशिरा, तितका अपव्यय अधिक.

हेच प्रतिसादाच्या वेळेबाबतही खरे आहे. गूगलमधील जेफ्री डीन व लुई बरोसो यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हे उदाहरणाने दाखविले आहे. एखादा सर्व्हर शंभरांतून एकदाच एक सेकंदाहून अधिक वेळ घेत असेल, परंतु एका कार्यासाठी अशा शंभर सर्व्हरांची उत्तरे आवश्यक असतील, तर ६३ टक्के कार्यांना एक सेकंदाहून अधिक वेळ लागतो. सुट्या सेवेच्या पातळीवर अपवाद असणारी गोष्ट संयुक्त सेवेच्या पातळीवर नियम बनते.

५.३ पुनर्प्रयत्नांतील अपव्यय

उत्तर न आल्यास पुन्हा विनंती करणे हा स्वाभाविक उपाय वाटतो. परंतु साखळीतील प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे हेच करू लागली, तर प्रयत्नांची बेरीज न होता गुणाकार होतो. तीन पायऱ्यांनी प्रत्येकी तीन प्रयत्न केल्यास शेवटच्या सेवेवर २७ विनंत्या आदळतात. ती सेवा आधीच भाराने वाकलेली असते, म्हणूनच तिने उत्तर दिलेले नसते. ज्या क्षणी तिला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी तिच्यावरील भार सत्तावीसपट होतो.

६. कार्यक्षमता वाढविण्याचे मार्ग

६.१ विनंती टाळणे

सर्वांत स्वस्त विनंती म्हणजे न केलेली विनंती. ज्या माहितीत वारंवार बदल होत नाही, तिचा तात्पुरता साठा समन्वयकाने स्वतःजवळ ठेवल्यास पुन्हा विचारणा करावी लागत नाही. संगणकक्षेत्रात यास कॅशे म्हणतात. बँकेचे नाव, शाखेचा संकेतांक, अभ्यासक्रमांची यादी अशी माहिती त्यास योग्य होय.

दुसरा मार्ग म्हणजे ज्याची पुढे चौकशी होणार हे निश्चित आहे, ते आधीच्याच उत्तरासोबत देणे. पैसे दिल्यानंतर अनेक ग्राहक लगेच खात्यातील शिल्लक तपासतात. एनपीसीआयने २०२५ च्या नियमांत बँकांना यशस्वी व्यवहाराच्या निष्पत्तीसोबतच उपलब्ध शिल्लक कळविण्यास सांगितले. एका उत्तरात काही अक्षरे वाढविल्याने एक संपूर्ण स्वतंत्र विनंती वाचते.

तिसरा व अधिक मूलगामी मार्ग म्हणजे साखळीची रचनाच बदलणे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेले यूपीआय लाइट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ग्राहक काही रक्कम आधीच वेगळी काढून ठेवतो व लहान देयके त्यातून होतात. त्यामुळे दहा रुपयांच्या चहासाठी देणाऱ्या बँकेच्या मुख्य खातेप्रणालीस दर वेळी जागे करावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये या सुविधेची मर्यादा प्रतिव्यवहार १,००० रुपये व एकूण शिल्लक ५,००० रुपये अशी वाढविली. येथे कोणताही सर्व्हर अधिक वेगवान झालेला नाही. साखळीतील सर्वांत महाग पायरी वगळली गेली आहे.

६.२ क्रम व समांतरता

देयकाच्या साखळीत क्रम निवडण्यास वाव नसतो, कारण रक्कम वजा झाल्याखेरीज जमा करता येत नाही. परंतु जेथे अनेक स्वतंत्र पडताळण्या करावयाच्या असतात, तेथे क्रमाला मोठे महत्त्व येते. शिष्यवृत्तीच्या १,००० अर्जांचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गुणपत्रक पडताळणीचा खर्च प्रतिअर्ज २ एकक आहे व तीत ९० टक्के अर्ज पात्र ठरतात. उत्पन्नाच्या दाखल्याच्या पडताळणीचा खर्च १ एकक आहे व तीत ४० टक्के अर्ज पात्र ठरतात. गुणपत्रक आधी तपासल्यास खर्च २,००० अधिक ९००, म्हणजे २,९०० एकक होतो. दाखला आधी तपासल्यास १,००० अधिक ४०० अर्जांचे ८००, म्हणजे १,८०० एकक होतो. अंतिम यादी दोन्ही प्रकारे तीच येते, परंतु खर्चात ३८ टक्के बचत होते. जी पडताळणी स्वस्त आहे व जास्त अर्ज गाळते, ती आधी करावी, हा यातील बोध आहे.

अर्जांचा ओघ अखंड असेल व सर्व पडताळण्या एकापुढे एक अशा एकाच वेळी चालू असतील, तर हिशेब थोडा बदलतो. तेव्हा एकूण खर्चापेक्षा सर्वांत मंद पायरी निर्णायक ठरते. स्टॅनफर्ड व ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांनी २००६ मध्ये वेब सेवांवरील प्रश्नांच्या नियोजनाविषयी जे संशोधन मांडले, त्याचा गाभा हाच होता. जेनिफर विडम व राजीव मोटवानी हे त्या गटातील होते.

एकमेकींवर अवलंबून नसलेल्या सेवा एकाच वेळी बोलावल्यास वेळ वाचतो. २, ३ व ४ सेकंद लागणाऱ्या तीन सेवा क्रमाने बोलावल्यास ९ सेकंद, तर एकाच वेळी बोलावल्यास ४ सेकंद लागतात. मात्र वेळेची बचत म्हणजे संसाधनांची बचत नव्हे. पहिल्याच सेवेने अर्ज अपात्र ठरविला असता, तर उरलेल्या दोन विनंत्या करण्याचे कारणच नव्हते. म्हणून बहुतांश अर्ज पात्र ठरणार असतील तर समांतर आणि बहुतांश गळणार असतील तर क्रमिक कार्यवाही श्रेयस्कर ठरते.

६.३ प्रतीक्षेचे व्यवस्थापन

उत्तर येईपर्यंत जोडणी अडवून ठेवण्याऐवजी ‘विनंती पोहोचली’ एवढी पोच तत्काळ घ्यावी, जोडणी मोकळी करावी आणि खरे उत्तर स्वतंत्र संदेशाने स्वीकारावे, ही असमकालिक पद्धत होय. यूपीआयची रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे. प्रत्येक व्यवहारास एक विशिष्ट क्रमांक असतो व आलेले उत्तर त्या क्रमांकावरून मूळ विनंतीशी जुळविले जाते. टपालाने अर्ज पाठवून पोचपावती जपून ठेवावी व इतर कामास लागावे, तसाच हा प्रकार आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या कार्यांत प्रतीक्षेतील कार्याची स्थिती विदागारात लिहून स्मृती रिकामी करता येते. उत्तर येताच ती स्थिती पुन्हा वाचून काम पुढे चालू केले जाते.

यास कालमर्यादेची जोड हवी. १६ जून २०२५ पासून एनपीसीआयने देयकाच्या विनंती-प्रतिसादाची मर्यादा ३० सेकंदांवरून १५ सेकंदांवर व व्यवहारस्थितीच्या चौकशीची मर्यादा ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आणली. ग्राहकाच्या सोयीचा निर्णय म्हणून याकडे पाहिले गेले व ते योग्यच आहे. परंतु लिटल यांच्या नियमानुसार त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. उत्तर कधीच न देणाऱ्या सेवेमुळे अडून राहणाऱ्या विनंत्यांची कमाल संख्या या एका बदलाने निम्मी होते.

६.४ पुनर्प्रयत्नांवर मर्यादा

पुनर्प्रयत्न करावयाचेच असतील, तर प्रत्येक वेळी मधले अंतर दुप्पट करीत जावे व त्यात थोडी यादृच्छिकता मिसळावी. तसे न केल्यास एकाच क्षणी अयशस्वी झालेले हजारो ग्राहक पुन्हा एकाच क्षणी परत येतात. अंतर वाढवीत नेण्याचे हे तत्त्व १९७० च्या दशकात इथरनेटच्या रचनेतच अंगीकारले गेले होते. पुनर्प्रयत्नाचा अधिकार साखळीतील एकाच पायरीस असावा, म्हणजे गुणाकार टळतो. तसेच तीच विनंती दोनदा पोहोचली तरी परिणाम एकदाच व्हावा, यासाठी विशिष्ट व्यवहारक्रमांकाची तपासणी अनिवार्य आहे.

एखादी सेवा सतत अपयशी ठरत असेल, तर काही काळ तिच्याकडे विनंत्या पाठविणेच थांबवावे. घरातील विद्युतप्रवाह खंडित करणाऱ्या उपकरणावरून यास सर्किट ब्रेकर असे नाव पडले. मायकेल नायगार्ड यांच्या २००७ च्या पुस्तकामुळे ही संकल्पना सर्वपरिचित झाली. ठरावीक काळाने एखादी चाचणी-विनंती पाठवून सेवा सावरली आहे का, हे पाहिले जाते व मगच प्रवाह पूर्ववत केला जातो.

६.५ समन्वयकावरील भार कमी करणे

सर्व संदेश समन्वयकामार्फतच जात असतील, तर एका सेवेचे मोठे उत्तर केवळ दुसऱ्या सेवेस देण्यासाठी त्याच्याकडून वाहून नेले जाते. यावर उपाय म्हणून आयबीएमच्या भारतातील संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ मध्ये विकेंद्रित समन्वयाची पद्धत मांडली. बीपेलमधील कार्याचे तुकडे करून ते ज्या त्या सेवेजवळ ठेवावेत व विदा थेट एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे जावी, असे तिचे स्वरूप होते. देयकव्यवस्थेत हा मार्ग सहसा स्वीकारता येत नाही. तेथे उभय बँकांचा विश्वास मध्यवर्ती संस्थेवर असतो व हिशेबाची पूर्तताही तिच्याचमार्फत होते. म्हणून कार्यक्षमतेचा मार्ग त्या त्या क्षेत्रातील विश्वासाचे स्वरूप पाहूनच निवडावा लागतो.

७. एप्रिल २०२५ मधील खंड : विश्लेषण

उपरोक्त विवेचनाच्या प्रकाशात १२ एप्रिलच्या घटनेकडे पुन्हा पाहिले असता तिचे स्वरूप स्पष्ट होते. काही सहभागी बँकांकडून व्यवहारस्थितीच्या चौकशीच्या विनंत्या मोठ्या प्रमाणावर व वारंवार येत होत्या. त्यांत जुन्या व्यवहारांच्या चौकशीचाही समावेश होता. चौकशीची सोय मुळात चांगल्या हेतूने केलेली होती. निष्पत्ती न कळल्यास ग्राहकाचे पैसे अधांतरी राहू नयेत, हा तिचा उद्देश होता. परंतु आपण केलेल्या चौकशीचा खर्च चौकशी करणाऱ्यास दिसत नव्हता व तो सोसावाही लागत नव्हता. तो पडत होता मध्यवर्ती यंत्रणेवर आणि अंतिमतः रांगेत ताटकळणाऱ्या सर्वसामान्य ग्राहकावर.

त्यानंतर आलेले नियम या दृष्टीने वाचावेत. व्यवहारस्थितीची पहिली चौकशी आरंभी किमान ९० सेकंदांनंतर व दोन तासांत अधिकाधिक तीन वेळा करावी, असे ठरविण्यात आले. १ ऑगस्ट २०२५ पासून शिल्लक तपासण्यावर प्रत्येक ॲपमागे दिवसाला ५० वेळांची, तर मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी मागविण्यावर २५ वेळांची मर्यादा आली. आपोआप होणारी नियतकालिक देयके गर्दीच्या वेळेबाहेर पार पाडण्यास सांगण्यात आले. सकाळी १० ते दुपारी १ व सायंकाळी ५ ते रात्री ९.३० ही वेळ गर्दीची मानली गेली. यांपैकी एकाही नियमाने नवी क्षमता निर्माण केली नाही. विनंती टाळणे, ती पुढे ढकलणे व तिची पुनरावृत्ती रोखणे हे सहाव्या भागात वर्णिलेलेच मार्ग येथे नियमरूपाने अवतरले.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. संयुक्त सेवेतील काटकसर ही केवळ चांगल्या आज्ञावलीची बाब नाही. विनंती करणारा व तिचा खर्च सोसणारा हे भिन्न असतात, तेव्हा सद्भाव पुरेसा ठरत नाही. मर्यादा ही सेवेच्या करारातच लिहावी लागते.

८. मर्यादा

वरील प्रत्येक उपायास किंमत आहे. तात्पुरता साठा शिळा होतो. अभ्यासक्रमाची यादी शिळी असलेली चालते, खात्यातील शिल्लक शिळी असलेली चालत नाही. कालमर्यादा फार कमी ठेवल्यास यशस्वी होऊ शकणारे व्यवहारही मध्येच तोडले जातात व चौकशी उलट वाढते. चौकशीवरील बंधनामुळे एखाद्या प्रामाणिक ग्राहकास आपल्या पैशाची स्थिती कळण्यास विलंब होतो. सर्किट ब्रेकर चुकीच्या वेळी उघडल्यास सुस्थितीतील सेवाही बंद पडल्यासारखी होते. म्हणून हे उपाय अंदाजाने न योजता प्रत्येक सेवेचा प्रतिसादकाळ, अपयशाचे प्रमाण व विनंत्यांची संख्या यांच्या नोंदींच्या आधारेच योजावेत.

९. महाविद्यालयीन संगणकव्यवस्थेसाठी बोध

महाविद्यालयांची व विद्यापीठांची कामेही आता संयुक्त सेवांवर चालतात. प्रवेशाच्या एका अर्जामागे गुणपत्रकाची पडताळणी, शुल्काचे देयक, लघुसंदेश व शिष्यवृत्तीची नोंद अशा अनेक सेवा उभ्या असतात. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकच पान पुन्हा पुन्हा उघडतात. संकेतस्थळ बंद पडले की अधिक मोठ्या सर्व्हरची मागणी होते व अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद शोधावी लागते. तत्पूर्वी पुढील बाबी तपासून पाहाव्यात.

(१) जाहीर झालेला निकाल बदलत नाही. तो दर वेळी विदागारातून न आणता तयार पानाच्या स्वरूपात ठेवला आहे का?
(२) शुल्क भरल्यानंतर विद्यार्थ्यास व्यवहारक्रमांकासह स्पष्ट निष्पत्ती दाखविली जाते का? ती न दिसल्यास तो पुन्हा शुल्क भरतो.
(३) अर्जातील स्वस्त तपासण्या महाग तपासण्यांच्या आधी होतात का?
(४) लघुसंदेश पाठविणारी सेवा मंदावल्यास संपूर्ण प्रवेशप्रक्रिया अडते का? अडत असल्यास ती पायरी साखळीबाहेर काढून नंतर पार पाडावी.
(५) सेवापुरवठादाराशी केलेल्या करारात कालमर्यादा व पुनर्प्रयत्नांची संख्या नमूद आहे का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नवी यंत्रसामग्री लागत नाही. प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी तालुक्याच्या गावातील एखाद्या केंद्रावर अर्ज भरण्यासाठी बसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र या उत्तरांवर त्याचे वर्ष अवलंबून असू शकते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाच्या स्वतःच्या व्यवस्थेच्या नोंदी तपासून अशा अपव्ययाचे मोजमाप करणे, हा उत्तम प्रकल्प ठरू शकेल.

१०. निष्कर्ष

संयुक्त वेब सेवेची कार्यक्षमता तिच्यातील सर्वांत वेगवान सर्व्हरवर ठरत नाही. किती विनंत्या केल्या, कोणत्या क्रमाने केल्या, किती वेळ वाट पाहिली व किती वेळा पुन्हा विचारले, यांवर ती ठरते. प्रतीक्षेमुळे संसाधने अडतात, साखळीमुळे अपयश साठत जाते व अनिर्बंध पुनर्प्रयत्नांमुळे आजारी सेवा पूर्णपणे कोसळते. यूपीआयच्या अनुभवाने हे राष्ट्रीय पातळीवर दाखवून दिले आणि विनंत्यांवरील शिस्त हाच त्यावरील उपाय असल्याचेही दाखविले. क्षमतावाढ आवश्यक असतेच. तथापि अपव्यय तसाच ठेवून केलेली क्षमतावाढ गळक्या हौदात अधिक पाणी सोडण्यासारखी ठरते. प्रथम गळती शोधावी व मगच हौद मोठा करावा, हेच या विवेचनाचे सार आहे.